लढाईविनाची युद्धनौका: मुंबईच्या ‘त्रिंकोमाली’ची दोनशे वर्षांची नोकरी

युद्धनौका म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? धडाडणाऱ्या तोफा, धूर, फाटलेली शिडं, आणि शेवटी एक जहाज जिंकलेलं, दुसरं समुद्राच्या तळाशी. बरोबर ना? आज ज्या नौकेची गोष्ट सांगणार आहे, तिच्या वाट्याला यातलं जवळजवळ काहीच आलं नाही. ज्या युद्धासाठी तिची ऑर्डर निघाली ते युद्ध ती पाण्यात उतरायच्या आधीच संपलं. मग तिला पंचवीस वर्षं नुसतं बांधून ठेवलं. कामावर निघाली तेव्हा वाफेची जहाजं आली होती. एकदा तर ती भंगारवाल्याला विकलीही गेली.

आणि तरी आज युरोपात पाण्यावर तरंगत असलेली सगळ्यात जुनी युद्धनौका तीच आहे. तिचं नाव ‘एचएमएस त्रिंकोमाली’. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं गाव आहे, तिथल्या गोदीत ती उभी आहे. बांधली कुठे? आपल्या मुंबईत. सागवानाची.

मुंबईतल्या फोर्ट भागात लायन गेटवरून तुम्ही कधी गेला असाल, तर त्या भिंतीपलीकडे नौदलाची गोदी आहे हे तुम्हाला माहीत असेल. आत जायला मिळत नाही, त्यामुळे आपण बाहेरून सिंह बघतो आणि पुढे काळा घोड्याकडे निघतो. पण दोनशे वर्षांपूर्वी याच गोदीचं नाव लंडनच्या नौदल कार्यालयात मानाने घेतलं जायचं. कारण होतं वाडिया कुटुंब.

लवजी नसरवानजी वाडिया हे मूळचे सुरतेचे पारशी सुतार. १७३६ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना मुंबईला आणलं. त्यांच्यासोबत काही कारागीर आले. पुढची जवळपास दीडशे वर्षं या गोदीचा मुख्य जहाजबांधणी कारागीर, म्हणजे ‘मास्टर बिल्डर’, याच घरातला असायचा. बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे. ‘वाडिया’ हे आडनावसुद्धा जहाज बांधण्याच्या धंद्यावरूनच पडलेलं. आणि हो, बॉम्बे डाइंगचे वाडिया ते हेच. कापडगिरणी फार नंतर आली.

आता प्रश्न असा की इंग्लंडसारख्या दर्यावर्दी देशाला युद्धनौका मुंबईत का बांधून घ्याव्या लागल्या? उत्तर सोपं आहे: लाकूड संपत आलं होतं. इंग्लिश जहाजं ओकची असायची. नेल्सनची प्रसिद्ध ‘व्हिक्टरी’ बांधायला सुमारे सहा हजार झाडं लागली असं सांगतात. नेपोलियनशी वर्षानुवर्षं युद्ध चालू, जहाजं सतत बांधायची, आणि ओकचं झाड तर वापरायच्या लायकीचं व्हायला शंभर वर्षं घेतं. शेवटी नजर वळली हिंदुस्थानच्या सागवानाकडे.

सागवानात नैसर्गिक तेल असतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही सुताराला विचारा. आजीच्या घरातला सागवानी पलंग किंवा दाराची चौकट अजून ठणठणीत असते ती त्यामुळेच. जहाजात हे तेल आणखी एका कामाला येतं. ओकच्या लाकडातल्या आम्लाने त्यात ठोकलेले लोखंडी खिळे हळूहळू खाऊन टाकले जातात. सागवान मात्र लोखंडाला सांभाळतं. खाऱ्या पाण्यात, उन्हात आणि पावसात लाकूड टिकतं आणि त्याला जोडून ठेवणारे खिळेही टिकतात.

हे सागवान यायचं मलबारहून, म्हणजे आजच्या उत्तर केरळातून. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण जहाजांच्या गोष्टीत झाडांची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

१८०६ मध्ये कंपनीने कॅप्टन वॉटसन नावाच्या पोलिस अधिकाऱ्याला मलबार आणि त्रावणकोर भागासाठी ‘वनरक्षक’ नेमलं. हिंदुस्थानातला हा पहिला वनरक्षक. पदाचं नाव ऐकून वाटेल की जंगल वाचवायला माणूस नेमला. प्रत्यक्षात त्याचं काम होतं नौदलासाठी सागवान गोळा करणं. त्याने सागवानावर कंपनीची मक्तेदारी आणली. ज्यांच्या खासगी जमिनीत सागाची झाडं होती, त्यांनाही ती तोडता येईनात. लाकडाचे व्यापारी चिडले, जमीनदार चिडले, सरपणासाठी रानात जाणारी साधी माणसंही चिडली. असंतोष इतका वाढला की १८२३ मध्ये हे पदच रद्द करावं लागलं. तोवर चांगलं मोठं सागवान बरंचसं संपलेलं होतं. १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कॉनोली याने निलांबूरला सागाची मुद्दाम लागवड सुरू केली. तोडलेलं भरून काढायचं म्हणून. जगातल्या सर्वात जुन्या सागवान लागवडींपैकी ती एक. निलांबूरला गेलात तर ‘कॉनोलीज प्लॉट’ आजही बघता येतो. त्रिंकोमालीची लाकडं कापली गेली ती वॉटसनच्याच काळात. तिच्याकडे बघताना मला हे विसरता येत नाही.

तर आता नौकेकडे येऊ. ऑर्डर निघाली १८१२ च्या ऑक्टोबरमध्ये. ही ‘फ्रिगेट’ जातीची नौका. फ्रिगेट म्हणजे सगळ्यात मोठी लढाऊ जहाजं असतात त्यापेक्षा लहान, पण चपळ. टेहळणी करणारी, निरोप नेणारी, व्यापारी जहाजांना सोबत करणारी आणि वेळ आली तर लढणारी. तीन डोलकाठ्या आणि चाळीसहून जास्त तोफा. तोफांच्या मजल्याची लांबी दीडशे फूट.

पण सुरुवातच अडखळली. तिचे नकाशे ‘जावा’ नावाच्या ब्रिटिश फ्रिगेटवर चढवून मुंबईला पाठवले होते. त्याच वर्षी अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातही युद्ध पेटलं होतं. २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘जावा’ची गाठ ‘यूएसएस कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकी फ्रिगेटशी पडली. ‘जावा’ची इतकी वाताहत झाली की अमेरिकनांनी ती ओढून न्यायचा नाद सोडून तिला पेटवून दिलं. नकाशेही गेले. दुसरा संच मागवावा लागला.

‘कॉन्स्टिट्यूशन’ हे नाव लक्षात ठेवा बरं का.

या सगळ्यात वेळ गेला. १८१५ ला वॉटर्लू झालं, नेपोलियन सेंट हेलेना बेटावर कैदेत गेला, अमेरिकेशीही तह झाला. आणि त्यानंतर, १८१६ च्या उन्हाळ्यात मुंबईत त्रिंकोमालीचा कणा रचला गेला. कोकणातले होडी बांधणारे ज्याला ‘पठाण’ म्हणतात, तोच हा सगळ्यात खालचा लांब तुळईसारखा भाग. मास्टर बिल्डर होते जमशेदजी बमनजी वाडिया, लवजींचे नातू. पारशी रिवाजाप्रमाणे त्यांनी त्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. आपल्याकडे घराच्या पायात नाणं ठेवतात ना, तशातलाच भाव.

शत्रू उरला नव्हता, तरी नौका बांधायची का? सरकारी ऑर्डर निघालेली, लाकूड आलेलं, कारागीर कामाला लागलेले. असं काम मध्येच थांबवणं किती अवघड असतं, हे सरकारी कचेरीत काम करणाऱ्या कुणालाही माहीत असेल.

१२ ऑक्टोबर १८१७ ला ती पाण्यात उतरली. खर्च झाला साधारण २३ हजार पौंड. नाव दिलं ‘त्रिंकोमाली’, श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराचं. त्या बंदरासमोर १७८२ मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच आरमारांची लढाई झाली होती. गंमत म्हणजे त्या लढाईत कोणीच धड जिंकलं नव्हतं.

मराठी वाचकाला ही तारीख वाचताना दुसरंच काहीतरी आठवणार. बरोबर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबर १८१७ ला पुण्याजवळ खडकीची लढाई झाली आणि पेशवाईच्या शेवटाला सुरुवात झाली. म्हणजे मुंबईच्या गोदीत इंग्रजांच्या युद्धनौकेला पाणी लागत होतं, तेव्हा पुण्यात दोन्ही बाजूंनी फौजांची जमवाजमव चालली होती. या नौकेचा त्या लढाईशी काही संबंध नाही. पण आपण शाळेत एक इतिहास शिकतो, आणि त्याच महिन्यातला, दीडशे किलोमीटरवरचा दुसरा आपल्या कानावरसुद्धा येत नाही.

मुंबईहून निघालेली त्रिंकोमाली आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडकडे चालली होती. वाटेत जानेवारी १८१९ मध्ये ती सेंट हेलेनाला थांबली. तिथे नेपोलियन कैदेत होता, आजारी होता. त्याच महिन्यात जॉन स्टोको नावाच्या नौदलाच्या डॉक्टरने त्याला तपासून यकृताचा आजार असल्याचं सांगितलं होतं. बेटाच्या गव्हर्नरला हे मुळीच आवडलं नाही. कैद्याला इथली हवा मानवत नाही असा त्याचा अर्थ निघत होता. स्टोकोला इतका त्रास दिला गेला की तो आजारपणाची रजा घेऊन इंग्लंडला निघाला. कोणत्या जहाजाने? त्रिंकोमालीने. इंग्लंडला पोहोचल्यावर त्याला लगेच परत पाठवलं, कोर्टमार्शल केलं आणि नोकरीवरून काढलं. ज्या माणसाला हरवण्यासाठी ही नौका मागवली होती, त्याच्या डॉक्टरला घेऊन जाणं ही तिची पहिली कामगिरी. कादंबरीत वाचलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा जास्तच जुळवलंय.

३० एप्रिल १८१९ ला ती पोर्ट्समथला पोहोचली. तिची डागडुजी झाली आणि नौदलाने तिला राखीव ठेवलं. राखीव म्हणजे काय, तर डोलकाठ्या आणि तोफा काढायच्या, वर पावसापासून बचावाला छप्पर घालायचं आणि जहाज बंदरात बांधून ठेवायचं. गरज पडली की बघू.

ती गरज पडायला पंचवीस वर्षं लागली. तेवढ्यात नेपोलियन गेला, आणि त्याच वर्षी, १८२१ मध्ये, जमशेदजी वाडियाही गेले. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणी गादीवर आली. आगगाड्या धावायला लागल्या. तिच्याच जातीच्या कितीतरी ओकच्या फ्रिगेटी बंदरात उभ्या उभ्या कुजल्या आणि मोडीत निघाल्या. ही टिकली.

१८४५ मध्ये तिला पुन्हा हात लावला गेला. मागची बाजू नव्या पद्धतीने गोलाकार केली, तोफांची संख्या २६ वर आणली. तोफा कमी झाल्या, पण आधीपेक्षा जड आणि जास्त मारा करणाऱ्या. तिची श्रेणीही बदलली; आता ती फ्रिगेटऐवजी ‘कॉर्व्हेट’ झाली. एखाद्याला तीस वर्षांनी पहिली पोस्टिंग मिळावी आणि तीही पद एक पायरी खाली आणून, तसलाच प्रकार.

१८४७ ला ती पहिल्यांदा खऱ्या कामावर निघाली, उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडिजच्या ताफ्यात. तीन वर्षं. हैतीत दंगल झाली तेव्हा तिकडे जा, क्युबावर हल्ला होणार अशी आवई उठली की तिकडे जा, न्यू फाउंडलंडच्या थंड पाण्यात मासेमारीवर लक्ष ठेव, गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर नजर ठेव. आजच्या भाषेत गस्त. यातल्या कुठल्याच कामावर सिनेमा निघणार नाही.

१८५२ मध्ये ती दुसऱ्यांदा निघाली आणि ही सफर मोठी होती. कॅप्टन होता वॉलेस ह्यूस्टन. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिक महासागरात, आणि पुढची पाच वर्षं तिकडेच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली, तेव्हा मुंबईची ही लेक जगाच्या पलीकडच्या टोकाला वाऱ्याची वाट बघत होती.

तिथे ती एका शोधमोहिमेलाही हातभार लावून आली. सर जॉन फ्रँकलिन १८४५ मध्ये दोन जहाजं घेऊन उत्तर ध्रुवाकडचा मार्ग शोधायला गेला होता आणि १२९ माणसांसकट बेपत्ता झाला होता. त्याच्या शोधात गेलेल्या जहाजांना १८५४ मध्ये त्रिंकोमालीने अलास्काच्या किनाऱ्यापर्यंत रसद पोहोचवली. मलबारच्या दमट जंगलातलं लाकूड बर्फाच्या वेशीवर! फ्रँकलिनच्या माणसांपैकी कुणीही जिवंत सापडलं नाही.

त्याच वर्षी क्रिमियन युद्ध पेटलं आणि ब्रिटन रशियाविरुद्ध उतरलं. आता तरी लढाई? नाही. १८५४ मध्ये रशियाच्या पेट्रोपाव्हलोव्हस्क बंदरावर ब्रिटिश-फ्रेंच जहाजांनी केलेला हल्ला फसला होता, आणि त्यात त्रिंकोमाली नव्हती. १८५५ मध्ये पॅसिफिकचा ताफा मोठी तयारी करून पुन्हा तिथे गेला, तर रशियन सैन्य शहर रिकामं करून निघून गेलेलं.

तुम्ही म्हणाल, म्हणजे ही तर अगदीच निरुपद्रवी नौका. लढाई न झालेली, कुणाचं काही न बिघडवलेली. मलाही वाचताना तसंच वाटत होतं, तिचं १८५६ चं वर्ष येईपर्यंत.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ व्हँकुव्हर बेट आहे. तेव्हा ती ब्रिटिश वसाहत होती आणि जेम्स डग्लस तिचा गव्हर्नर. बेटावर काउइचन नावाच्या मूळ रहिवाशांची वस्ती. त्यांच्यातल्या एकाने एका गोऱ्या वसाहतवाल्यावर गोळी झाडली. माणूस जखमी झाला, जीव वाचला. डग्लसने ठरवलं की धडा शिकवायचा. सुमारे चारशे खलाशी आणि सैनिक त्रिंकोमालीवर चढवले आणि वारा कधी साथ देईल कधी नाही, म्हणून एका वाफेच्या बोटीने तिला ओढत काउइचनच्या खाडीपर्यंत नेलं. सैन्य किनाऱ्यावर उतरलं. आरोपी ताब्यात घेतला गेला, तिथल्या तिथे खटला चालला आणि त्याच्याच लोकांसमोर त्याला फाशी दिली.

तोफा डागाव्या लागल्या नाहीत. नुसत्या समोर दिसल्या, तेवढं पुरलं. साम्राज्याची बरीच कामं अशीच होत असत, आणि आपल्याकडे ती कशी व्हायची हे वेगळं सांगायला नको. मुंबईच्या कारागिरीचं कौतुक मला मनापासून आहे. पण त्या दिवशी किनाऱ्यावर उभं राहून ज्यांनी ही नौका पाहिली, त्यांच्या नातवंडांनी तिच्याकडे कौतुकाने बघावं अशी अपेक्षा मी तरी ठेवणार नाही.

तिचं नाव मात्र तिथल्या पाण्याला चिकटलं आहे. फोनवर नकाशा उघडा आणि व्हँकुव्हर बेटाच्या पूर्वेच्या छोट्या बेटांमध्ये शोधा. ‘त्रिंकोमाली चॅनल’ नावाची सामुद्रधुनी दिसेल. जवळच कॅप्टन ह्यूस्टनच्या नावाचाही एक जलमार्ग आहे. श्रीलंकेतल्या गावाचं नाव, मुंबईत बांधलेली नौका आणि कॅनडातलं पाणी.

१८५७ मध्ये ती इंग्लंडला परतली. शिडांच्या युद्धनौकांचे दिवस भरले होते. १८६० मध्ये ब्रिटनने ‘वॉरियर’ ही लोखंडी अंगाची, वाफेवर चालणारी युद्धनौका पाण्यात उतरवली, आणि लाकडी जहाजं एका फटक्यात जुनी झाली. त्रिंकोमालीला मग शाळेचं काम मिळालं. नौदलाच्या राखीव दलातल्या माणसांना तोफा चालवायला शिकवण्यासाठी तिचा वापर होऊ लागला. १८६० च्या दशकात काही काळ संडरलँडला, मग १८७७ पर्यंत वेस्ट हार्टलपूलला, नंतर साउदॅम्प्टनला. १८९५ मध्ये तेही थांबलं. १९ मे १८९७ ला तिला भंगारात विकून टाकलं.

इथे तिची गोष्ट संपायची. पण त्याच १८९७ मध्ये, महिनाभराच्या आत, ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर एक वादळ आलं.

जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या एका श्रीमंत माणसाने ‘फुद्रुआयाँ’ हे नेल्सनचं जुनं जहाज मोडीतून वाचवलं होतं. पदरचा पैसा घालून ते सजवलं आणि लोकांना दाखवत किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवत होता. १६ जूनच्या त्या वादळात ते ब्लॅकपूलला किनाऱ्यावर आपटून फुटलं. माणूस खचला असता. याने काय केलं, भंगारवाल्याकडून त्रिंकोमाली विकत घेतली, दुरुस्त केली आणि गेलेल्या जहाजाच्या आठवणीत तिचं नाव ठेवलं ‘फुद्रुआयाँ’. पुढची जवळपास नव्वद वर्षं लोक तिला त्याच नावाने ओळखत होते. आधी फालमथला, १९३० च्या दशकापासून पोर्ट्समथला. शाळकरी मुलं तिच्यावर सुट्टीत राहायला यायची, दोऱ्यांच्या गाठी मारायला शिकायची, होड्या वल्हवायची, हॅमकमध्ये झोपायची. माझ्या मते तिच्या नोकरीचा सर्वात सुखाचा काळ हाच. आणि सर्वात लांबलेलाही.

पोर्ट्समथला तिच्या शेजारी आणखी एक म्हातारं जहाज होतं, ‘इम्प्लॅकेबल’. मूळचं फ्रेंच, १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत लढलेलं आणि नंतर इंग्रजांनी पकडलेलं. मानाने म्हणाल तर त्रिंकोमाली तिच्यापुढे कुणीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या तिजोरीत खडखडाट होता. ‘इम्प्लॅकेबल’ची दुरुस्ती परवडेना. २ डिसेंबर १९४९ ला तिला समुद्रात नेलं, ब्रिटिश आणि फ्रेंच असे दोन्ही झेंडे तिच्यावर फडकवले आणि स्फोट करून बुडवलं. या प्रसंगाचा ब्रिटनमधल्या जहाजप्रेमींना इतका चटका लागला की जुनी जहाजं वाचवण्याच्या तिथल्या चळवळीला त्यातून जोर आला.

त्रिंकोमाली उरली. तिच्या नावावर ट्रफाल्गर नव्हतं. अंगात सागवान होतं आणि डेकवर मुलं होती.

१९८६ मध्ये मुलांचं येणंही थांबलं. १९८७ मध्ये तिला एका बार्जवर चढवून हार्टलपूलला आणलं, शंभर वर्षांपूर्वी जिथे ती तोफांची शाळा होती त्याच गावी. तिथला जहाजबांधणीचा धंदा तोवर बंद पडला होता, पण हातात कसब असलेली माणसं गावात होती. दुरुस्ती २००१ पर्यंत चालली आणि खर्च एक कोटी पौंडांच्या वर गेला. १९९२ मध्ये तिला तिचं मूळ नाव परत मिळालं. तिच्या सांगाड्यातलं निम्म्याहून बरंच जास्त लाकूड अजूनही मूळचंच आहे. म्हणजे मलबारचं, आणि वाडियांच्या गोदीत तासलेलं.

वाडियांनी बांधलेल्या बाकीच्या मोठ्या जहाजांचं काय झालं? ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला, ज्यात चीनला हाँगकाँग द्यावं लागलं. ‘एशिया’ १८२७ च्या नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीचं जहाज होतं. ‘वेलस्ली’ तर १९४० पर्यंत थेम्स नदीत टिकून होतं आणि जर्मन विमानांच्या बॉम्बने बुडालं. दुसऱ्या महायुद्धात, शिडांच्या काळातलं लाकडी जहाज! मोठ्या लढाया आणि तह या तिघांच्या नावावर आहेत, पण आज यांतलं एकही नाही.

हार्टलपूलला तुमचे कुणी नातेवाईक राहत असतील किंवा इंग्लंडला जाणं होणार असेल, तर ती बघता येते. आता ते नौदलाचं संग्रहालय आहे. पुढच्या टोकावर फेटेवाल्या माणसाचा पुतळा आहे, तो आधी बघा. खालच्या मजल्यांवर छत इतकं ठेंगणं आहे की आपल्यासारख्यांनाही वाकून चालावं लागतं. आणि चालताना पायाखाली किंचित हलतं, कारण ती खरोखरच पाण्यावर आहे. ‘व्हिक्टरी’ तिच्याहून पन्नास वर्षांनी मोठी खरी, पण ती १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे.

आणि हो, ते लक्षात ठेवायला सांगितलेलं नाव. जिच्यामुळे त्रिंकोमालीचे नकाशे गेले ती ‘कॉन्स्टिट्यूशन’ १७९७ मध्ये पाण्यात उतरली होती. तीही अजून तरंगते आहे, अटलांटिकच्या पलीकडे, बॉस्टनच्या बंदरात.